कॅप्टनसाहेबांचं छप्पर

अली होडेकराने उभ्या आयुष्यात एकही जहाज चालवलं नाही. जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरले, बटाटे सोलले, आणि कोणा साहेबाचं पोट बिघडलं की त्याच्या शिव्या खाल्ल्या, एवढीच त्याची दर्यावर्दी. हे त्याच्या बायकोला, सकिनाला, माहीत होतं, रत्नागिरीतल्या सगळ्या मजगाव रोडला माहीत होतं, आणि नोकरी संपवून घरी येईपर्यंत खुद्द अलीलाही माहीत होतं. पण छपराची कामं घेणारा तो विनीत पहिल्यांदा दारात आला, फाटकातूनच त्याने कडक सलाम ठोकला आणि विचारलं, "कॅप्टनसाहेब आहेत का घरी?" तिथेच सगळा घात झाला.

सकिना अंगणात आमसुलं वाळत घालत होती. "इथं कोणी कॅप्टन राहत नाय," ती म्हणाली. एवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे? येऊ दे, येऊ दे आत." आणि लुंगी सोडून, पँट चढवून, अली बाहेर आला. घरच्या घरात पँट! सकिनाने कपाळावर हात मारला नाही एवढंच, कारण दोन्ही हात कोकमाने लाल झाले होते.

छपराचं काम निघालं होतं ते वांदरांमुळे. बागेतले आंबे-काजू संपले की वांदरांची टोळी घरांवर येते. एक वांदर चालला तर कौल सरकतं, टोळी नाचली तर फुटतं. अली जहाजावर होता तेव्हा दर वैशाखात सकिना माणसं बघायची, फुटकी कौलं बदलून घ्यायची, वाळवी लागलेला वासा काढून दुसरा घालायची. पोरीला कडेवर घेऊन शिडीखाली उभी राहायची आणि वर चढलेल्याला ओरडून सांगायची, अरे, तो कोपरा राहिला. हे घर अलीच्या पगारावर उभं राहिलं असेल, पण ते उभं ठेवलं सकिनाने. यंदा मात्र तीही थकली होती. फुटक्या कौलाच्या जागी दुसरं मिळेना, आणि आफरीन यायची होती.

आफरीन ही त्यांची एकुलती एक मुलगी, दाभोळला दिलेली. दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा काय कोणी कागदावर लिहून ठेवलेला कायदा नव्हे, पण कागदावरच्या कायद्यांपेक्षा जास्त पाळला जाणारा. आणि दाभोळची विहीणबाई म्हणजे साखरेत घोळलेली सुरी. दर शुक्रवारी फोन करायची. "सकिनाभाभी, छपराचं झालं काय हो? नाय, घाई नाय आमची. आमच्याकडे स्लॅब आहे. तुम्हाला जमत नसेल तर पोरीचं इथंच करू. आम्ही काय परके आहोत?"

परकी नाहीस, बाई, वैरीण आहेस, सकिना मनात म्हणायची, आणि तोंडाने म्हणायची, "होतंय, होतंय." तिला पुरतं ठाऊक होतं. माहेराला छप्पर नव्हतं म्हणून पोर सासरी बाळंत झाली, हे वाक्य एकदा दाभोळात गेलं की आफरीनच्या पोराच्या लग्नापर्यंत फिरत राहील. आपली पोर कोणाच्या उपकाराखाली बाळंत होणार नाही, एवढं एकच मागणं सकिनाचं होतं. त्यासाठी छप्पर हवं होतं, आणि पावसाच्या आधी हवं होतं.

तिने माणसं विचारायला सुरुवातही केली होती. पण अली म्हणाला, "आता मी घरी आहे ना. हे पुरुषांचं काम. तू कशाला मध्ये पडतेस?"

तर असा हा विनीत आला. पांढरा शर्ट, डोक्यावर चढवलेला गॉगल, दोन हातांत दोन फोन. गाडीच्या काचेवर लिहिलेलं, 'ड्रीम छप्पर सोल्युशन्स'. छप्पर ते छप्पर, त्यात ड्रीम कसलं आणि सोल्युशन कसलं? पहिल्या नजरेतच तो माणूस सकिनाच्या डोक्यात गेला. अलीच्या तो काळजात गेला.

"हे बघा कॅप्टन," विनीत फोनवर बोट फिरवत म्हणाला, "हे हॉटेल. हे फार्महाऊस. हा बंगला बघा, ड्रोनने फोटो काढलाय."

"यातलं एखादं इथं जवळपास आहे काय?" सकिनाने विचारलं. "जाऊन डोळ्यांनी बघता येईल असं?"

"चाची, तुम्ही फक्त चहा टाका. बाकी टेन्शन आमचं."

सकिनाने चहा टाकला, साखर टाकली नाही. विनीत तो तसाच प्यायला आणि वर म्हणाला, "वा! काय चहा आहे!" बिनसाखरेच्या चहाला वा म्हणणारा माणूस गळक्या छपरालाही वाच म्हणणार, हे ती तिथल्या तिथे समजली. पण समजून करते काय? अलीसाहेब खुर्चीत मागे रेलून सांगत होते, "मला कसं पाहिजे, डेकसारखं. वादळ आलं तरी हलता कामा नये." आणि विनीत मान डोलावत होता, "तुम्ही समुद्र बघितलेली माणसं, कॅप्टन. तुम्हाला मी काय सांगणार?"

सकिना ट्रे घेऊन उभीच राहिली. "माझं एक ऐक," ती विनीतला म्हणाली. "आधी पत्रा आणून अंगणात टाक. पत्रा दिसला की कौलांना हात लाव. त्याच्या आधी नाय."

विनीत हसला. लहान पोराने चंद्र मागितल्यावर हसतात तसा. "चाची, तसं नसतं. आधी वरचं सगळं उतरवायचं, मग माप घ्यायचं, मग पत्रा कापून येतो. सायन्स आहे त्याच्यात."

"सकिना," अली म्हणाला, "तुला यातलं काय कळतं?"

तिला ते फार लागलं. वासा कुठला पोकळ आहे हे जिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, तिला हा माणूस विचारत होता काय कळतं म्हणून. हा माणूस, ज्याने स्वतःच्या घराचं आढं पहिल्यांदा नीट वर मान करून बघितलं ते गेल्या रमजानमध्ये! तिने ट्रे मोरीत असा आपटला की आवाज शेजारच्या दर्शनाकडेही ऐकू गेला.

दोन दिवसांनी सकाळी माणसं आली, चढली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत घराचं डोकं उघडं करून खाली उतरली. वासे गेले, रीपा गेल्या, कौलं कुंपणाशी रचून ठेवली. वर निळी ताडपत्री बांधली, तीही अशी की वारा आला की फडफडून घर उडतंय की काय वाटावं. मागच्या स्वयंपाकघरावर तेवढा स्लॅब होता, म्हणून फ्रीज, कपाट, गाद्या आणि दोन माणसं सगळी त्या एका खोलीत कोंबली. विनीत गाडीत बसता बसता म्हणाला, "उद्या पत्रा येतो, कॅप्टन."

तो उद्या काही उजाडेना. आधी म्हणाला, माल कोल्हापुरातून निघालाय. मग म्हणाला, घाटात ट्रक अडकलाय. मग वेल्डर गावी गेला, मग वेल्डरची सासू वारली. त्या वेल्डरला सासवा तरी किती! अली रोज ताडपत्रीखाली उभा राहून फोन लावायचा आणि घसा खाकरून म्हणायचा, "हॅलो, कॅप्टन बोलतोय." स्वतःच! सकिना चुलीपाशी बसून ऐकायची आणि तिला हसावं की तवा फेकून मारावा कळायचं नाही. पुढे पुढे विनीतने फोन उचलणंच सोडलं. मग कॅप्टनसाहेब नुसतं रिंगचं गाणं ऐकायचे आणि फोन खिशात ठेवायचे.

खरी गोम कळली ती दर्शनामुळे. दर्शना शाळेत शिकवते, स्कूटीवरून गावभर फिरते. एक दिवस कुंपणापाशी येऊन म्हणाली, "काकी, नाचण्यापासून कुवारबावपर्यंत बघत आले. ही अशी निळी ताडपत्री घराघरावर आहे, आणि सगळी ह्या विनीतची. ही त्याची रीतच आहे म्हणे. उन्हाळ्यात मिळतील तेवढी घरं उघडून ठेवायची. उघडलेलं घर सोडून गिऱ्हाईक पळतं कुठे? मग आपल्या सवडीने एकेक झाकत बसायचं."

"मग दुसरा कोणी बघते," सकिना म्हणाली.

बघितला. एक सोडून चार बघितले. चौघांनी बाहेरूनच ताडपत्री बघितली आणि विचारलं, "कोणी उघडलंय?" नाव ऐकलं की चौघेही एकच बोलले, "दुसऱ्याने उघडलेलं घर आम्ही झाकत नाय." काय पण इमान! गिऱ्हाईकाशी नाही ते नाही, एकमेकांशी मात्र सख्ख्या भावांपेक्षा घट्ट. तुझं उष्टं तू खा, माझं मी खातो, आणि गिऱ्हाईक बसू दे आभाळाकडे बघत.

अशात एका संध्याकाळी वळवाची सर आली. मोठी नव्हती. पण ताडपत्रीत मध्ये पोटासारखं पाणी साचलं, दोरी सुटली, आणि सगळं पाणी भसकन खाली आलं ते नेमकं स्वयंपाकघरात न मावलेल्या त्या ट्रंकेवर, जिच्यात सकिनाने आफरीनच्या बाळासाठी शिवलेली दुपटी होती. जुन्या मऊ साड्यांची, हाताने शिवलेली. ट्रंकेचं झाकण पुरतं बसत नव्हतं. सकिनाने एकेक दुपटं बाहेर काढलं, लाल किनारीचा रंग पांढऱ्यात उतरलेला बघितला, आणि जमिनीवर बसून रडली. अली दारात उभा होता. "धुतली की निघेल," तो म्हणाला.

"तुमच्या तोंडाला काय लावू, आफरीनचे अब्बा?" सकिना म्हणाली. "पोर आठ-पंधरा दिवसांत येईल. तिला ह्या मोरीत निजवू? की दाभोळच्या बाईला फोन करून सांगू, बाई, तुझ्या स्लॅबखाली घे, आमच्याकडे कॅप्टन आहे पण छप्पर नाय?"

सकिनाने डोळे पुसले, पदर खोचला आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "दर्शना, त्या मेल्याचं घर कुठंय गो?"

दर्शनाने चौकशी करून सांगितलं. विनीत बायको दीपालीबरोबर रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहतो, पण तिथला पत्ता तो कोणाला देत नाही. मूळ घर मात्र लांज्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. आई असते तिथे एकटी.

"झालं तर," सकिना म्हणाली. "आमचं छप्पर येईपर्यंत आम्ही त्याच्या छपराखाली राहणार. त्याने उघडं पाडलं, त्यानेच झाकायचं. बघू, किती दिवस आईच्या घरात परकी माणसं चालतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वळकटी बांधली, पातेलं घेतलं, तांदूळ घेतले, कोंबड्या दर्शनाच्या स्वाधीन केल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "चला कॅप्टन. पँट घाला."

लांज्याची एसटी धरली. अली सारा रस्ता कुरकुरत होता, असं कोणाच्या घरात घुसतात काय, लोक काय म्हणतील. सकिना खिडकीबाहेर बघत बसली होती. काय काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. अशी आई म्हणजे कशी असेल? हातात पाटल्या, पडवीत झोपाळा, माझा विनीत म्हणजे हिरा म्हणणारी. तिला असं सुनवायचं, असं सुनवायचं, की हिऱ्याचा कोळसा करूनच उठायचं. आपला तो बाब्या, पण ह्या बाब्याने लोकांचे वासे काढलेत म्हणावं.

थांब्यावर उतरून तिने दुकानदाराला विचारलं, छपराची कामं घेतो त्या विनीतचं घर कुठलं? दुकानदार गालात हसला. हाताने वर दाखवत म्हणाला, "ती निळी ताडपत्री दिसते ना? तेच."

"नाय हो," सकिना म्हणाली. "छप्पर करणाऱ्याचं घर विचारतेय. उघडं पडलेल्याचं नाय."

"तेच तां," दुकानदार म्हणाला.

वर चढून बघतात तो चार भिंती उभ्या, वर ताडपत्री, तीही उन्हाने विटलेली, जागोजागी फाटलेली. भिंतींना वरून ओघळ आलेले, जमिनीला शेवाळ येऊन वाळलेलं. दाराला कडी. अली म्हणाला, "इथं कोण राहत नाय. चल परत." तेवढ्यात मागच्या गोठ्यातून एक म्हातारी वाकून बाहेर आली. अंगाने काटकुळी, पण आवाज खणखणीत.

"कोण हवं?"

"विनीतची आई," सकिना म्हणाली.

"मीच ती. तुळसा." तिने वळकटीकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, अलीच्या इस्त्रीच्या पँटीकडे बघितलं. "तुमचं पन उतरवलान वाटतं."

सकिना जुळवून आणलेलं सगळं विसरली.

"बस गो बाय," तुळसा म्हणाली. "उन्हातनं आलीस. गोठा म्हनून नाक मुरडू नको, गाय इकली कधीच. माजंच बिऱ्हाड हाय आता. गोठ्याचं छप्पर मी त्याला काढू दिलं नाय म्हनून वाचले."

गोठ्यात एक खाट होती, एक चूल, देवाचा एक फोटो, आणि सगळं शेणाने सारवून लख्ख. तुळसाने गूळ-पाणी दिलं आणि कसलाही आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन वर्षांमागे शिमगा झाल्यावर पोरगा माणसं घेऊन आला. म्हणाला, आई, ही कौलं काय घेऊन बसलीस, तुला असं घर करून देतो की गावात नाय. सगळं उतरवलं. मग रत्नागिरीतून फोन आला की गिऱ्हाईक खोळंबलंय, चार दिवसांत येतो.

"दोन पावसाळे गेले," तुळसा म्हणाली. "फ्लॅटात पन नेलान मला. चार भिंतींत कोंडून घ्यायचं आनि सून कामाला गेली की टीवी बघत बसायचं. माजा जीव घुसमटला, आले निघून. सून वाईट नाय. पन मला माजं घर हवं. विचारलं की सांगतो, आई, आधी गिऱ्हाईक. मी म्हटलं, असंल बाबा. धंद्यात तसंच असतं असंल."

"कसलं धंद्यात असतं!" सकिना उसळली. "आक्का, गिऱ्हाईकाला सांगतो माल घाटात अडकलाय, आणि आईला सांगतो आधी गिऱ्हाईक. तुमचा मुलगा कोणाचंच करत नाय. नुसती उघडतो!" आणि मग तिने सगळंच सांगितलं. मजगाव रोड, नाचणे, कुवारबाव, घराघरावरच्या ताडपत्र्या, वेल्डरच्या सासवा, आफरीन, दाभोळची विहीण, भिजलेली दुपटी. सांगता सांगता तिचा आवाज चढला, मग फाटला.

तुळसा ऐकत राहिली. दुपट्यांपाशी तिने एकदा डोळे मिटले. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "म्हंजे हयतं ऱ्हायाला आलाव ते?"

"हो," सकिना म्हणाली. आता तिची तिलाच लाज वाटत होती. "तुमच्या छपराखाली. पण तुम्हालाच नाय."

"मग हयतं बसून काय उपेग? हयतं तो येतो कवा? सनासुदीला पन फोनवरच पाया पडतो." तुळसा उठली. खाटेखालची पिशवी ओढली, दोन लुगडी भरली, चुलीतला विस्तव विझवला. "चला. मीच येते तुमच्याकडं."

"अहो, पण आमच्याकडे..." अली म्हणाला, "आमच्याकडे वर काहीच नाय."

"माज्याकडं तरी कुठं हाय?" तुळसा म्हणाली. "पन तुमचा रस्ता शेरातला. लोकांना दिसंल तरी."

एसटीत बसल्यावर तिने अलीला विचारलं, "तुमी बोटीवर काय करायचाव?" अलीने घसा खाकरला. सवयीने तोंडावर आलेला शब्द जिभेवर होता. त्याने सकिनाकडे बघितलं. सकिनाही त्याच्याकडेच बघत होती. "जेवण करायचो," अली म्हणाला.

"मग बरं झालं," तुळसा म्हणाली. "कॅप्टनाचा घरात काय उपेग?"

सकिना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, ती पार हातखंब्याच्या फाट्यापर्यंत हसत होती.

संध्याकाळी तुळसासाठी खाट पुढच्या खोलीत, ताडपत्रीच्या बरोबर खाली, रस्त्यावरून दिसेल अशी टाकली. सोमवार म्हणून तिला मासे चालत नव्हते, तर अलीने डाळ केली, वांग्याचं भरीत केलं, आणि खरंच, काय हात होता त्याचा! मग सकिनाने दर्शनाच्या फोनवरून विनीतला व्हिडिओ कॉल लावला. अनोळखी नंबर बघून त्याने उचलला, नवं गिऱ्हाईक समजून. "बोला साहेब, ड्रीम छप्पर..." आणि समोर आई.

"आई? तू कुठंस?"

"तुज्या गिऱ्हाईकाकडं."

"कुठल्या? तिथं काय करतेस तू?"

"आभाळ बघतेय," तुळसा म्हणाली आणि फोन वर केला. ताडपत्रीच्या फटीतून दिसत होतं तेवढं आभाळ विनीतलाही दिसलं.

त्याने आईला समजावलं, रागावला, गाडी पाठवतो म्हणाला. तुळसाने तोवर फोन दर्शनाच्या हातात देऊन टाकला होता. आणि सकिनाने पुढचं काम हाती घेतलं. पाण्याला जाणारी, दुधाला जाणारी, दर्ग्यावरून येणारी, देवळातून येणारी, जी कोणी फाटकापुढून जाईल तिला हाक. "ह्या कोण विचारतेस? ह्या आमच्या छपरवाल्याच्या आई. ह्यांचंही त्यानेच उघडलंय. दोन पावसाळे गोठ्यात काढलेत." पुढचं सांगायला लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाचण्याची ताडपत्री येऊन बघून गेली, कुवारबावची ताडपत्री येऊन बघून गेली. बायका तुळसाच्या पाया पडायच्या आणि जाताना तिच्या मुलाला शिव्या घालायच्या. एका नवीन बंगल्यावाल्याने काम परत घेतलं म्हणे. छपरवाल्याची आई उघड्यावर, यापुढे ड्रोनचे फोटो काय कामाचे?

तिसऱ्या दिवशी पत्रा आला. बघा! घाट मोकळा झाला, वेल्डर उगवला, सासवा जिवंत झाल्या. विनीत स्वतः उभा, गॉगल खिशात, फोन बंद. आईच्या पाया पडायला वाकला तर ती म्हणाली, "आधी काम." ती अंगणात खुर्ची टाकून बसली. माणसांना जेवलात काय विचारायची, पाणी द्यायची, पण विनीतकडे बघायची नाही. माणसंही हळू आवाजात बोलत होती. पत्रा पेलणाऱ्या लोखंडी कैच्या चढल्या, पट्ट्या चढल्या, वर विटकरी रंगाचा पत्रा बसला, कडेने पन्हळ लागली. सकिनाने एकेका जोडाखाली उभं राहून वर पाण्याचा पाइप सोडायला लावला. थेंब खाली आला नाही. मनातल्या मनात तिला कबूल करावं लागलं की काम चोख झालंय, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. एवढ्याशा कामासाठी मेल्याने केवढा छळ मांडला होता!

तिने दाभोळला फोन लावला. "हो, झालं. थेंब गळत नाय. परवा आणायला येतोय पोरीला." पलीकडे विहीणबाईने नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला, ते 'बरं' सकिनाला ईदच्या शीरखुर्म्यासारखं गोड लागलं.

माणसं सामान आवरायला लागली. विनीत ओट्यावर आला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. सकिनाकडे न बघता आईला म्हणाला, "झालं यांचं. चल आता घरी."

"कुठच्या घरी?" तुळसाने विचारलं.

विनीतने इकडे-तिकडे बघितलं. "फ्लॅटवर चल. दीपाली वाट बघतेय. पाऊस संपला की गावाकडचं लगेच करतो. शपथ."

"नको शपथा घालू."

"आई, लोक काय म्हणतील? विनीतची आई गिऱ्हाईकाकडे राहते?"

"खरं तेच म्हनतील," तुळसा म्हणाली.

"राहू दे तिला," सकिना म्हणाली. ह्या क्षणासाठी तिने केवढं काय काय साठवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच साधं. "माझी पोर येतेय बाळंतपणाला. मला घरात एक जाणतं माणूस हवंच आहे. तू तुझ्या सवडीने कर आईचं. घाई नाय."

विनीतच्या तोंडचं पाणी पळालं. घाई करा, लवकर करा, असं ओरडणारी गिऱ्हाइकं त्याने आयुष्यभर बघितली होती. घाई नाय म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. तो आईकडे वळला.

तुळसा खुर्चीतून उठली, घरात आली, आणि खोलीच्या मधोमध उभी राहून वर बघू लागली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश, जोडावर जोड, पत्र्यावर पत्रा. कमरेवर हात ठेवून पुष्कळ वेळ बघत राहिली. मग मुलाकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"चांगलं केलंस रे," ती म्हणाली. "दोन पावसाळे मी लोकांना सांगत व्हते, पोराला जमत नसंल म्हनून."